जन्मजात वेगळा हात: नाव देण्याआधी काय काय पाहायचं

बाळाच्या फाइलमध्ये 'उजव्या हाताची वाढ अपुरी' एवढंच एक वाक्य लिहिलेलं असतं आणि पुढे पूर्णविराम. मी अशा बऱ्याच फाइली पाहिल्या आहेत. त्या वाक्यावरून अंगठा आहे की नाही, कोपर वाकतं का, दुसरा हात कोणी पाहिला का, यातलं काहीच कळत नाही. याच्या उलट, घाईघाईने भारदस्त लॅटिन नाव चिकटवलेल्या फाइलीही असतात. त्या जास्त त्रासदायक, कारण एकदा नाव लिहिलं गेलं की पुढचे दहाजण तेच उतरवून घेतात आणि हात परत कुणी पाहत नाही.

जन्मजात वेगळेपण असलेला हात हजार जन्मांमागे साधारण दोन बाळांमध्ये दिसतो. म्हणजे नव्याने काम शिकणाऱ्या डॉक्टरपुढे, फिजिओथेरपिस्टपुढे किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टपुढे तो कधी ना कधी येणारच. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. पालकांनीही वाचायला हरकत नाही. आपल्या मुलाच्या फाइलीत काय लिहिलंय हे कळायला मदत होईल.

पहिली पायरी: कपडे काढा, खांद्यापासून सुरुवात करा

नजर आधी बोटांवर जाते, आणि चूक तिथेच होते. बाळाला कमरेपर्यंत उघडं करा आणि दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून वरून खाली या: छाती, खांदा, दंड, कोपर, कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग, मनगट, तळहात, बोटं, नखं. त्यानंतर पावलं. 'दुसरा हात चांगला आहे' असं पालक सांगतात, तेव्हा तो हात तर मुद्दाम नीट तपासावा. चांगल्या म्हटल्या जाणाऱ्या हाताचा अंगठा किंचित बारीक निघणं ही फार नेहमीची गोष्ट आहे.

छाती विसरू नका. एका बाजूला छातीचा मोठा स्नायू अर्धवट असेल तर काखेची पुढची कड चपटी लागते. त्याच बाजूची बोटं आखूड आणि जुळलेली असली की चित्र पोलंड सिंड्रोमचं होतं. छाती न पाहता हाच हात 'जुळलेली बोटं' म्हणून नोंदला जातो.

आता बोटांवरच्या आडव्या घडीच्या रेषा पाहा. गर्भात सांधा हलला तरच त्याच्यावर घडी पडते. पेराच्या सांध्यावर रेषाच नसेल, कातडी गुळगुळीत आणि ताणलेली असेल, तर तो सांधा कधी हललेला नाही किंवा तयारच झालेला नाही, असं समजून पुढे जावं. एक्स-रे न काढता मिळणारी ही सगळ्यांत स्वस्त माहिती, आणि तरी ती फाइलीत क्वचितच सापडते.

शेवटी बाळाला खेळू द्या. बाळ दहाबारा महिन्यांचं असेल तर त्याच्यापुढे एखादी छोटी वस्तू ठेवा आणि ते ती कशी उचलतं ते शांतपणे बघा. अंगठा असूनही ते तर्जनी आणि मधल्या बोटाच्या चिमटीत वस्तू धरत असेल, तर त्याच्या मेंदूने तो अंगठा कामातून वगळलेला आहे. अशा मुलांची तर्जनी हळूहळू अंगठ्यासारखी आतल्या बाजूला वळते आणि तिच्या शेजारचं बेचकं रुंदावतं. याचा उपयोग पुढे होईल.

हे सगळं आधी साध्या मराठीत लिहून काढा. कुठल्या बाजूला काय आहे, काय नाही, काय लहान, काय जुळलेलं, काय हलतं. या टप्प्यावर एकही नाव लिहायचं नाही, हा नियम मी स्वतःलाही लावतो.

दुसरी पायरी: एक्स-रे काढा, पण त्याच्यावर फार विसंबू नका

दोन्ही हातांचा, कोपरासकट एक्स-रे काढावा. जन्मतः तळहाताच्या हाडांचे आणि पेरांचे दांडे दिसतात, पण मनगटाची छोटी हाडं अजून कूर्चेची असतात आणि कूर्चा एक्स-रेमध्ये दिसत नाही. त्यातली पहिली दोन, कॅपिटेट आणि हॅमेट, पहिल्या काही महिन्यांत उमटू लागतात. अंगठ्याच्या मुळाशी असलेलं ट्रॅपेझियम दिसायला मात्र बहुधा चार-सहा वर्षं जातात. म्हणून तान्ह्या बाळाच्या एक्स-रेमध्ये 'हाड नाही' असं दिसलं तर 'हाड अजून दिसत नाही' असं लिहावं. दोन हाडं जुळलेली आहेत की नाहीत, याचंही तसंच. कूर्चेचा जोड पहिल्या वर्षी दोन वेगळ्या हाडांसारखा दिसतो आणि चौथ्या वर्षी एकसंध होऊन पुढे येतो.

तिसरी पायरी: कप्पे कुठून आले ते समजून घ्या

वर्गीकरणाच्या दोन पद्धती कानावर येतील. जुनी स्वॉन्सनची. तिचं परिचित रूप १९७६ मध्ये प्रसिद्ध झालं आणि हस्तशल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ते स्वीकारलं. तिच्यात सात गट होते: भाग तयारच न होणं, भाग एकमेकांपासून सुटे न होणं, दुप्पट होणं, जास्त वाढ, कमी वाढ, गर्भावरणाच्या धाग्यांनी आवळल्याच्या खाचा, आणि सगळ्या सांगाड्याचे विकार. पद्धत डोळ्यांना पटणारी होती. जे दिसतं तेच गटाचं नाव.

अडचण मधल्या बोटांपाशी आली. जपानचे तोशिहिको ओगिनो यांनी उंदरांवर काम करताना पाहिलं की बुसल्फान या एकाच औषधाने मधल्या भागात जादा बोट, जुळलेली बोटं आणि मधोमध फाटलेला हात, असे तिन्ही प्रकार उद्भवतात. स्वॉन्सनच्या पद्धतीत हे तीन वेगवेगळ्या गटांत बसत होते. कारण एक आणि कप्पे तीन, हे काही बरोबर दिसेना. जपानी शल्यचिकित्सकांनी मग या तीन प्रकारांसाठी वेगळा गट जोडला.

पुढे ओबर्ग, मान्स्के आणि टॉनकिन यांनी गर्भविज्ञानाच्या पायावर नवी पद्धत मांडली. तिला तिघांच्या आडनावांवरून ओएमटी म्हणतात. २०१० मध्ये ती पुढे आली, महासंघाने २०१४ मध्ये स्वीकारली आणि २०२० मध्ये तिच्यात सुधारणा झाली. आज नोंद करायची ती हिच्याप्रमाणे. ती वापरायची तर हात कसा घडतो, एवढं थोडक्यात ठाऊक हवं.

फलनानंतर सुमारे २६व्या दिवशी गर्भाच्या कडेला हाताचा कोंब दिसतो आणि आठव्या आठवड्याअखेर हाताचे सगळे भाग तयार झालेले असतात. या काळात कोंब तीन दिशांनी एकाच वेळी घडत असतो. खांद्याकडून बोटांच्या टोकाकडे होणारी वाढ कोंबाच्या टोकावरची एक जाडसर कड सांभाळते. तिच्यातून एफजीएफ नावाची प्रथिनं झिरपत असतात. अंगठ्याची बाजू कोणती आणि करंगळीची कोणती, हे करंगळीच्या बाजूचा एक छोटा पेशीसमूह ठरवतो. त्याच्या प्रथिनाचं नाव सॉनिक हेजहॉग. होय, व्हिडिओ गेममधलाच तो, आणि गंभीर आजाराबद्दल बोलताना हे नाव उच्चारायचं म्हणजे अनेकांना आजही अवघडल्यासारखं होतं. तिसरी दिशा तळहात आणि हाताची पाठ यांची. ती पाठीकडच्या कातडीतल्या डब्ल्यूएनटी-सेव्हन-ए या प्रथिनावर अवलंबून आहे.

'माझ्या हातून गरोदरपणात काय चुकलं?' हा आईचा प्रश्न ठरलेला असतो, म्हणून इथेच थोडं थांबतो. खाचांचा प्रकार सोडला तर हे सगळं पहिल्या आठ आठवड्यांत घडून गेलेलं असतं. सातव्या महिन्यातल्या पडण्याने किंवा धसक्याने अंगठा नाहीसा होत नाही. बाहेरच्या कारणाचं सिद्ध झालेलं मोठं उदाहरण थॅलिडोमाइडचं. १९५७ ते १९६१ या काळात विकलं गेलेलं हे औषध फलनानंतर साधारण २० ते ३६ दिवसांच्या आत घेतलं गेलं की हातपाय खुंटायचे. बहुतेक बाळांमध्ये मात्र असं बोट ठेवण्याजोगं कारण सापडत नाही, आणि तसं स्पष्ट सांगावं.

चौथी पायरी: तीन प्रश्न, याच क्रमाने

पहिला प्रश्न: भाग मुळातच वेगळा घडला, नीट घडल्यावर बिघडला, की त्याच्या ऊतींचीच वाढ वेगळी आहे? मुळात वेगळा घडला तर मालफॉर्मेशन. नीट घडलेल्या भागाला नंतर इजा झाली तर डिफॉर्मेशन. गर्भावरणाच्या धाग्यांनी पडलेल्या खाचा इथे येतात. ऊतींची वाढच निराळी असेल, जसं एखादं बोट अवाढव्य वाढणं, तर डिस्प्लेसिया. सिंड्रोमची, म्हणजे एकत्र आढळणाऱ्या दोषांच्या समूहांची, यादी वेगळी जोडलेली असते. हात आपल्या कप्प्यात टाकायचा आणि सिंड्रोम त्याच्या जोडीला लिहायचा.

दुसरा प्रश्न फक्त मालफॉर्मेशनसाठी: सगळा हात बाधित आहे की नुसता पंजा? पहिल्या पायरीत खांद्यापासून सुरुवात केली ती यासाठी.

तिसरा: कोणती दिशा बिघडली? लांबीची, अंगठा-करंगळीची, तळहात-पाठीची, की नक्की सांगता येत नाही? जुळलेली बोटं या शेवटच्या गटात येतात.

या तीन उत्तरांनी कप्पा मिळतो. पण उपचार कप्प्यावर ठरत नाहीत. त्यासाठी प्रत्येक प्रकाराचं स्वतःचं मोजमाप असतं, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

अंगठ्याची बाजू कमी असेल तर

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा, कारण हा हात शरीराच्या इतर भागांबद्दल बोलत असतो. अंगठ्याच्या बाजूचं हाड म्हणजे रेडियस. ते किती आहे यावर बेन आणि क्लुग यांनी १९८७ मध्ये चार प्रकार केले: किंचित आखूड, बरंच लहान, अर्धवट, आणि अजिबात नाही. हाड जितकं कमी तितकं मनगट अंगठ्याच्या बाजूला वळतं.

हे दिसलं की हाताची चर्चा बाजूला ठेवा आणि चार गोष्टी करून घ्या: हृदयाची इको, मूत्रपिंडांची सोनोग्राफी, मणक्याचा एक्स-रे, आणि प्लेटलेटसह रक्ततपासणी. हृदयाला छिद्र असेल तर हात आणि हृदय दोन्ही बाधित करणाऱ्या होल्ट-ओराम सिंड्रोमचा विचार करा. मणके, गुदद्वार, अन्ननलिका, मूत्रपिंडं यांतले दोष सोबत असतील तर व्हॅक्टर्ल (या दोषांच्या समूहाचं नाव). दोन्ही रेडियस नाहीत पण दोन्ही अंगठे मात्र जागेवर आहेत, असं विचित्र चित्र दिसलं तर प्लेटलेट मोजा; टार सिंड्रोमची (रेडियस नाही आणि प्लेटलेट कमी) ती खूण आहे.

आणि फॅन्कोनी अॅनिमिया. यात जन्मवेळी रक्त अगदी व्यवस्थित असू शकतं. अस्थिमज्जा बहुधा पुढच्या काही वर्षांत थकते. म्हणजे रक्ताचा अहवाल चांगला आला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. गुणसूत्रं तुटतात का हे पाहणारी वेगळी तपासणी मागवायची. आजार आधी कळला तर मज्जादाता शोधायला वेळ मिळतो. कित्येकदा या आजाराचा पहिला सुगावा छोट्या अंगठ्यानेच दिलेला असतो, रक्ताने नंतर.

अंगठा लहान असेल तर ब्लाउथचे पाच प्रकार वापरतात. पहिल्यात अंगठा जरा बारीक, बाकी सगळं आहे. दुसऱ्यात अंगठ्याच्या उंचवट्याचे स्नायू कमी, बेचकं अरुंद आणि मधला सांधा सैल. तिसऱ्यात त्याशिवाय लांब स्नायूबंधही अपुरे आणि तळहातातलं हाड बारीक. चौथ्यात अंगठा नुसत्या कातडीच्या देठाला लोंबतो. पाचव्यात अंगठाच नाही.

सगळा वाद तिसऱ्याच्या पोटात आहे. अंगठ्याच्या मुळाचा सांधा स्थिर असेल तर ३-अ, डळमळीत असेल तर ३-ब. ३-अ पर्यंतचा अंगठा दुरुस्त करता येतो. ३-ब पासून पुढे बहुतेक शल्यचिकित्सक तर्जनीचा अंगठा करण्याचा सल्ला देतात. पालकांसाठी हा फरक केवढा मोठा आहे, ते त्यांच्यासमोर बसल्यावर कळतं: एका बाजूला असलेला अंगठा राखणं, दुसऱ्या बाजूला तो काढून चार बोटांचा हात करणं. आणि तान्हेपणी एक्स-रे या सांध्याबद्दल काही सांगत नाही, हे दुसऱ्या पायरीत आलंच. म्हणून हाताने तपासा, आणि बाळ त्या अंगठ्याचा उपयोग करतं का ते पाहा. वस्तू दोन बोटांच्या चिमटीतून उचलली जात असेल तर ३-ब कडे झुकायला ते चांगलं कारण आहे. शंका असेल तर 'तिसरा, उपप्रकार अजून ठरलेला नाही' असं लिहून सहा महिन्यांनी परत बघावं. त्यात कमीपणा काही नाही.

जादा अंगठा, जादा करंगळी

अंगठा दुप्पट असेल तर वॉसेलचे सात प्रकार आहेत, आणि ते लक्षात ठेवायला सोपे. टोकाकडून मुळाकडे मोजत या. विषम आकडा म्हणजे हाड दुभंगलेलं, सम आकडा म्हणजे पूर्ण दोन हाडं. १ आणि २ टोकाच्या पेराचे, ३ आणि ४ त्याखालच्या पेराचे, ५ आणि ६ तळहातातल्या हाडाचे. सातव्यात एखाद्या अंगठ्याला दोनऐवजी तीन पेरं असतात. सर्वांत जास्त आढळतो तो चौथा.

'जादा अंगठा' हा शब्दच फसवा आहे. एक पुरा अंगठा आणि एक फालतू, असं क्वचितच असतं. एकाच अंगठ्याचा माल दोघांत वाटला गेलेला असतो. लहान अंगठ्याला चिकटलेले स्नायू आणि सांध्याचा बंध मोठ्याला हवे असतात. म्हणून 'काढून टाकला की झालं' असं पालकांना कधीही सांगू नये.

करंगळीच्या बाजूला जादा बोट असेल तर दोनच प्रकार: हाडासकट नीट बनलेलं ते अ, कातडीच्या देठावरचं छोटं ते ब. हे बोट घराण्यात चालत आलेलं असू शकतं, म्हणून आईवडिलांच्या हातावर जुना व्रण आहे का ते विचारा. बाळाची उंची, दात, नखं, हृदय यांतही काही वेगळं असेल तर सिंड्रोमचा शोध घ्यावा.

जुळलेली बोटं

नोंद दोन शब्दांची. जोड टोकापर्यंत असेल तर पूर्ण, मधेच थांबला असेल तर अपूर्ण. नुसती कातडी जुळलेली असेल तर साधी, हाडंही जुळलेली असतील तर जटिल. दोन नखांमध्ये खाच नसून एकच सलग नख असेल तर खाली हाड जुळलेलं असण्याची शक्यता मोठी. मधलं बोट आणि अनामिका यांच्यातलं बेचकं सर्वांत जास्त वेळा भरलेलं आढळतं. अंगठा-तर्जनी किंवा अनामिका-करंगळी जुळलेली असेल तर शल्यचिकित्सकाकडे लवकर पाठवा: लांबी असमान असल्याने वाढताना लांब बोट वाकडं होतं. दोन्ही हातांची आणि दोन्ही पावलांची बोटं जुळलेली असतील तर डोक्याच्या आकाराकडे पाहा, कवटीची हाडं वेळेआधी जुळणारा अॅपर्ट सिंड्रोम आठवा.

तीन जुळे चेहरे

पंजात मधली बोटं नाहीत किंवा फार आखूड आहेत. हे तीन अगदी वेगळ्या कारणांनी होतं, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

सिंब्रॅकिडॅक्टिली: बहुतेक वेळा एकाच हाताला. मधली बोटं सर्वांत आखूड, अंगठा त्यातल्या त्यात बरा. बोटांच्या जागी मांसाचे छोटे मोड असतात आणि त्यांच्यावर इवलीशी नखं. ती नखंच ओळख पटवतात. आतलं हाड घडलं नाही, पण वरच्या कातडीने आपलं नख बनवायचं काम पार पाडलं. पंजाच नव्हे, वरचा हातही दुसऱ्या बाजूपेक्षा बारीक असू शकतो. पोलंड सिंड्रोम इथेच भेटतो. घराण्यात सहसा दुसरं कोणी नसतं. कोपराखाली हात संपला असेल तरी टोकाला असे मोड आहेत का ते बघा; असतील तर तोही याच कुळातला.

गर्भावरणाच्या धाग्यांची खाच: खाचेच्या वरचा हात अगदी नॉर्मल. बोट एखाद्या पातळीवर छाटल्यासारखं संपतं, टोकाला नख नाही. दुसऱ्या बोटावर, पायावर किंवा घोट्याजवळ आणखी खाच सापडते; मुद्दाम शोधली तर बहुधा सापडतेच. बोटांची टोकं एकमेकांना चिकटलेली, पण मुळाशी मात्र एक छोटं भोक, ज्यातून सळई आरपार जाते. म्हणजे बोटं आधी सुटी झाली होती, नंतर चिकटली. एक सूचना: खाचेखालचा भाग सुजलेला, निळसर असेल तर वर्गीकरण राहू द्या, शल्यचिकित्सकाला त्याच दिवशी कळवा.

मधोमध फाटलेला हात: मधलं बोट त्याच्या तळहातातल्या भागासह गेलेलं, इंग्रजी व्ही अक्षरासारखी फट, आणि तिच्या दोन्ही बाजूंची बोटं बरीच पूर्ण. मोड नाहीत. अनेकदा दोन्ही हात आणि पावलंही. घराण्यात दिसू शकतं, म्हणून जनुकतज्ज्ञाकडे पाठवायचं ते या कुटुंबाला. सिंब्रॅकिडॅक्टिलीच्या एका प्रकारातही फट असते, पण ती यू अक्षरासारखी पसरट. जुन्या पुस्तकांत तिला 'फाटलेल्या हाताचा वेगळा प्रकार' म्हणत. त्या नावाने घोळच वाढला. ते वापरू नये.

थोडक्यात उरलेले

करंगळीची बाजू कमी असेल तर हृदय-रक्ताची चिंता कमी. कोपर मात्र बारकाईने तपासा, ते बऱ्याचदा जुळलेलं किंवा ताठ असतं. बाळाचा अंगठा टोकाच्या सांध्यात वाकून अडकला असेल आणि मुळाशी गाठ लागत असेल तर तो ट्रिगर अंगठा. जन्मतः तो सहसा नसतो, नंतर होतो, तेव्हा 'जन्मजात' म्हणू नका. टोकाऐवजी मुळाकडचा सांधा वाकून अंगठा तळहातात दबलेला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सरळ करणारे स्नायूबंध दुबळे असतात.

नोंद कशी लिहायची

प्रत्येक हाताची वेगळी. समजा उजव्या बाजूला रेडियस नाही, अंगठा नाही. डाव्या बाजूला रेडियस पूर्ण आहे, पण अंगठ्याचा उंचवटा सपाट आणि बेचकं अरुंद. मी असं लिहीन:

'उजवा: मालफॉर्मेशन, संपूर्ण हात, अंगठा-करंगळी दिशा. रेडियसचा अभाव, बेन-क्लुग ४. अंगठा ब्लाउथ ५. कोपर ३० अंशांपासून ९० अंशांपर्यंत वाकतं. डावा: मालफॉर्मेशन, पंजा, अंगठा-करंगळी दिशा. अंगठा ब्लाउथ २. सिंड्रोम: तपास चालू, इको झाली, गुणसूत्र तुटण्याची तपासणी पाठवली.'

चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल की एकाच मुलाचा एकच विकार दोन कप्प्यांत गेला. ओएमटीवरचा हा रास्त आक्षेप आहे, आणि मलाही ती विभागणी थोडी कृत्रिम वाटते. तरी नियमाप्रमाणेच लिहा, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या नोंदींशी ताळा जमतो.

नोंदीसोबत फोटो हवेत, पालकांच्या परवानगीने: दोन्ही हात एका चौकटीत, तळवा आणि पाठ असे दोन, आणि एक वस्तू उचलतानाचा. एक वर्ष, दोन वर्षं आणि पाच वर्षं वयाला त्याच कोनातून पुन्हा काढावेत. प्रत्येक वेळी जुनी नोंद झाकून ठेवून नवी लिहावी आणि मग दोन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात. फरक पडला तर जुन्या नोंदीवर काट मारू नका. तारीख घालून खाली नवी लिहा.